खोलीवर राहून शिकताय आणि एडीएचडी आहे? मग हे आधी वाचा

दहावीला चांगले मार्क घेतलेलं लेकरू बारावीत किंवा डिग्रीच्या पहिल्या वर्षात एकदम का ढेपाळतं, याची कारणं आपल्याकडे ठरलेली आहेत: मोबाईल, संगत आणि शहराची हवा. कधी कधी ती खरीही असतात. पण एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवायला आणि स्वतःला आवरायला लहानपणापासून जड जाणं, हा त्रास असलेल्या मुलामुलींच्या बाबतीत बऱ्याचदा वेगळंच घडलेलं असतं. घरी असताना आई उठवायची, डबा हातात द्यायची, शाळेची घंटा व्हायची, गुरुजी वही तपासायचे. अभ्यासाला लावणारी ही सगळी चौकट बाहेरून मिळत होती. गाव सोडून खोली केली की ती एका दिवसात जाते, आणि आतून ती चालवणारा भाग तर आपला आधीपासूनच ढिला असतो.

माझं निदान कॉलेजात असताना झालं. त्याआधी लातूरला क्लासेस केले, नंतर संभाजीनगरला खोलीवर राहून शिकलो. लातूरला सकाळपासून रात्रीपर्यंत क्लास, टेस्ट, डाऊट काउंटर असं सगळं दुसऱ्याने आखून दिलेलं होतं, तेव्हा माझं बरं चाललं. पुढे ‘आता तुझं तू बघ’ म्हटल्यावर घसरगुंडी सुरू झाली. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांचा हेतू एकच: गेलेली चौकट खोलीत, वहीत आणि माणसांत पुन्हा उभी करणं. ‘मन लावून अभ्यास कर’ हा सल्ला इथे सापडणार नाही. तो तुम्हाला पुरेसा मिळालेला आहे.

१. आधी निदान

रील बघून स्वतःला एडीएचडी ठरवू नका, आणि ‘असं सगळ्यांनाच होतं’ म्हणून सोडूनही देऊ नका. रक्ताच्या तपासणीत किंवा डोक्याच्या स्कॅनमध्ये एडीएचडी दिसत नाही. मनोविकारतज्ज्ञ बोलून, विचारून, जुना इतिहास बघून ठरवतात. त्यांना मुख्यतः तीन गोष्टी हव्या असतात. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून होती का, ती एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसतात का, म्हणजे घरीही आणि वर्गातही, आणि त्यांनी खरोखर काही बिघडतंय का. झोप, थायरॉईड, रक्त कमी असणं, नैराश्य, चिंता यांमुळेही लक्ष लागत नाही, म्हणून तेही तपासतात. मुलींच्या बाबतीत अंगातली चुळबूळ कमी आणि हरवलेपण जास्त, असं असू शकतं. अशी मुलगी वर्गात कुणाला त्रास देत नाही, म्हणून ती कुणाच्या लक्षातच येत नाही.

कुठे जायचं? संभाजीनगरची घाटी म्हणजे तिथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अंबाजोगाईचं स्वाराती म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं इथे मनोविकार विभाग आहेत. बाकी ठिकाणी आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. केसपेपरची रांग सकाळी असते, तेव्हा लवकर पोचा. खाजगी डॉक्टर परवडत असतील तर तेही चालतील, फक्त पाटीवर नुसतं ‘समुपदेशक’ आहे की मनोविकारतज्ज्ञ, हे बघून घ्या. समुपदेशकाचा उपयोग पुढे होतो, पण औषध लिहून देता येतं ते डॉक्टरलाच. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे. फोन फुकट, मराठीत बोलता येतं आणि दिवसरात्र चालू असतो.

सोबत न्यायचं ते असं:
- आधार कार्ड आणि आधीचे काही केसपेपर किंवा चिठ्ठ्या असतील तर त्या
- प्राथमिक शाळेची प्रगतीपुस्तकं. ‘हुशार आहे पण लक्ष नसते’, ‘वर्गात बोलतो’, ‘वही अपूर्ण’ असे शेरे डॉक्टरांच्या फार कामाचे असतात
- लहानपण पाहिलेलं कुणीतरी: आई, मोठी बहीण, नाहीतर निदान त्यांचा फोन नंबर
- एका कागदावर ठोस उदाहरणं. ‘लक्ष लागत नाही’ एवढंच नको. ‘फॉर्मची शेवटची तारीख माहीत असून गेली’, ‘पेपरात मागचं पान उलटलंच नाही’ असं लिहा

हा कागद घरूनच लिहून न्या. डॉक्टरांसमोर बसल्यावर ऐनवेळी काही आठवत नाही, हा तर आपला मूळ आजारच.

२. गोळ्या: भीतीही नको, भोळेपणाही नको

गोळी घ्यायची का, कोणती आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. मी फक्त व्यवहाराचं सांगतो. मिथाइलफेनिडेट हे औषध आपल्याकडे ‘शेड्यूल एक्स’मध्ये येतं. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक मेडिकलवाला ठेवून घेतो, आणि असं औषध विकायला त्याच्याकडे वेगळा परवाना असावा लागतो. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी ते मिळेल असं धरून चालू नका. दिवाळीला गावी जायच्या आधी गोळ्या मोजा. ॲटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध मिळायला त्यामानाने सोपं, पण त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत ‘काहीच फरक नाही’ म्हणून सोडू नका.

भूक मरणं आणि झोप उडणं हे त्रास होऊ शकतात, ते डॉक्टरांना सांगायचे. मेसचा दुपारचा डबा तसाच परत जायला लागला तर समजा की सांगायची वेळ झाली. खोलीतल्या मित्राला ‘परीक्षेपुरती एक’ म्हणून गोळी देऊ नका, कुणाची घेऊही नका. आणि बुद्धिवर्धक सिरप, स्मरणशक्तीची पावडर, देवऋषी यांच्यावर खर्च करायचे पैसे मेसला भरा.

गोळीने बसायला मदत होते. काय वाचायचं, वही कुठे आहे, फॉर्म कधी भरायचा, हे ती सांगत नाही. त्यासाठी पुढचं.

३. खोली: जे दिसत नाही ते नसतंच

आपल्यासाठी कपाटात ठेवलेली वस्तू जगातून गेलेली असते. म्हणून दाराचं कपाट टाळा. उघडा रॅक घ्या, भंगारातला लोखंडी चालतो. विषयवार एक कप्पा, आणि कप्प्यावर जाड अक्षरात नाव. टेबल भिंतीकडे तोंड करून, खिडकी पाठीमागे. टेबलावर एका वेळी एकाच विषयाचं सामान असावं, बाकीचं रॅकवर.

दाराजवळ एक खिळा आणि एक पिशवी, ही या घरातली सगळ्यात महत्त्वाची जागा. किल्ली खिळ्याला. पिशवीत ओळखपत्र, पेन, पाण्याची बाटली, एसटीचा पास. बाहेरून आलं की चप्पल काढायच्या आधी किल्ली खिळ्याला, मग बाकी सगळं. एवढी एक सवय लागली तरी सकाळचा निम्मा गोंधळ जातो.

खोली पत्र्याची असेल तर मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी तिथे अभ्यास होईल ही आशा सोडा. उकाड्यात भल्याभल्यांचं डोकं चालत नाही. अवघड विषय पहाटे, दुपार अभ्यासिकेत, संध्याकाळी हलकं काम.

४. वही एकच

ॲप डाऊनलोड करणं, रंगीत पेन आणणं, नवं वेळापत्रक आखणं, यात आपल्याला भारी मजा येते. तीन दिवस. मग ते मेलं. त्यामुळे साधन जितकं कंटाळवाणं तितकं टिकाऊ. साधी दोनशे पानी वही घ्या, पेन तिलाच दोरीने बांधा.

रोज एक पान. वर तारीख. त्याखाली आजची फक्त तीन कामं, आणि कामं अशी लिहा की वाचल्यावर हात कुठे न्यायचा ते कळावं. ‘फिजिक्स करणे’ हे काम होत नाही. ‘प्रकाशाचं अपवर्तन, उदाहरणं १ ते १०, टेबलावर बसून’ हे काम आहे. पानाच्या खालच्या भागात रेघ मारून ‘नंतर’ लिहा. अभ्यास करताना मध्येच आठवतं की मोबाईलचा रिचार्ज संपतोय, मावशीला फोन करायचाय, कोल्हा आणि लांडग्यात फरक काय. ते सगळं तिथे टाका आणि परत पुस्तकाकडे. विचार दाबायचा नाही, त्याला बसायला जागा द्यायची.

एखादं पान कोरं गेलं, आठवडा कोरा गेला, तरी नवी वही आणायची नाही. त्याच वहीत पुढच्या पानावर आजची तारीख. माझ्या वहीत पावसाळ्यातला एक आख्खा तुकडा कोरा आहे, आणि ती वही तरीही कामाची आहे.

५. वेळ: घड्याळ भिंतीवर, मोबाईलमध्ये नको

एडीएचडीवाल्याला दोनच वेळा कळतात, ‘आत्ता’ आणि ‘आत्ता नाही’. परीक्षा तीन आठवड्यांवर असते तेव्हा ती ‘आत्ता नाही’मध्ये असते. तिथून ती थेट उद्यावर येते. हे आळसाने होत नाही, वेळ किती सरली याचा अंदाजच आतून येत नाही. म्हणून वेळ डोळ्यांना दिसली पाहिजे. काट्यांचं घड्याळ टेबलासमोर लावा. शेजारी भिंतीवरचं दिनदर्शिकेचं पान, आणि गेलेल्या दिवसावर रोज काट.

‘सकाळी ५ ते ७ गणित’ असलं वेळापत्रक आपल्याकडे पहिल्याच दिवशी मोडतं, आणि मोडलं की दिवस वाया गेला असं वाटून उरलेलाही जातो. त्याऐवजी काम एखाद्या ठरलेल्या घटनेला अडकवा. चहा झाला की वही उघडायची. मेसचा डबा आला की त्याआधीच्या कामाचा हिशोब. संध्याकाळी नळाला पाणी येतं तेव्हा उद्याची पिशवी भरायची. या गोष्टी रोज होतातच, तुमच्या मूडवर त्या अवलंबून नसतात.

आणखी एक. काम सुरू करण्याआधी किती वेळ लागेल तो अंदाज वहीत लिहा, संपल्यावर खरा लागलेला वेळ त्याच्या शेजारी. पंधरा दिवसांत तुमचा गुणाकार कळेल. माझा दुप्पट निघाला, म्हणून मी अंदाज आला की दोनने गुणतो आणि मगच कुणाला ‘येतो’ म्हणून सांगतो.

६. अभ्यासिका आणि शेजारचा माणूस

लातूर, नांदेड, संभाजीनगर, परभणी, कुठेही जा, गल्लीगल्लीत अभ्यासिका आहेत. एमपीएससीवाल्यांनी त्या भरलेल्या असतात. एडीएचडीसाठी ही आयती सोय आहे. शेजारी कुणीतरी शांतपणे आपलं काम करतंय, एवढ्यानेच आपण टिकून बसतो. त्याने आपल्याला शिकवायची गरज नाही, बोलायचीसुद्धा नाही.

पैसे भरण्याआधी एक दिवस बसून बघा. जागा कोपऱ्यातली, भिंतीकडे तोंड असलेली घ्या. दाराशेजारची किंवा पाण्याच्या माठाजवळची जागा फुकट मिळाली तरी नको, येणारा-जाणारा प्रत्येक जण तुमचं लक्ष घेऊन जाईल. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर आहे का ते विचारा. ठरलेली खुर्ची मिळते का तेही विचारा, कारण रोज नवी जागा म्हणजे रोज नवी सुरुवात.

सापळा बाहेर असतो: चहाची टपरी. ‘दहा मिनिटांत येऊ’ म्हणून गेलेली मंडळी मंत्रिमंडळ बनवून परत येतात. टपरीवर जायचंच, पण एकट्याने, किंवा अशा मित्राबरोबर जो स्वतःहून उठतो. असा मित्र सापडला तर जपा. त्याला स्पष्ट सांगा, ‘भाऊ, मला हा त्रास आहे. सकाळी जाताना माझं दार वाजवत जा.’ लोक आनंदाने करतात. त्याच्या बदल्यात त्याचं काहीतरी तुम्ही करा, म्हणजे उपकार वाटणार नाही.

अभ्यासिका परवडत नसेल तर घरच्या कुणाला व्हिडिओ कॉल लावून ठेवा. आई तिकडे भाजी निवडतेय, तुम्ही इकडे उदाहरणं सोडवताय. बोलायचं नाही.

७. प्रत्यक्ष अभ्यास

इथे सगळ्यात अवघड असते ती पहिली पाच मिनिटं. पुस्तक उघडणं म्हणजे डोंगर. म्हणून आदल्या रात्रीच पुस्तक त्या पानावर उघडं ठेवा, पहिल्या उदाहरणाचा आकडा कोऱ्या कागदावर उतरवून ठेवा. सकाळी सुरुवात करायची नसते, अर्धं राहिलेलं पूर्ण करायचं असतं.

पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही पद्धत बऱ्याच जणांना माहीत आहे. पंचवीस जमत नसतील तर बारा करा. विश्रांतीत मोबाईल घेऊ नका, तो पाच मिनिटांचा तास करतो. उठा, पाणी प्या, गच्चीवर एक चक्कर मारा.

नुसतं वाचू नका. आपले डोळे ओळींवरून फिरत राहतात आणि डोकं शेतात गेलेलं असतं, पान संपल्यावर कळतं. आधी धड्यामागचे प्रश्न बघा, मग उत्तर शोधायला वाचा. पान झालं की पुस्तक मिटून आठवेल ते कागदावर लिहा. उभं राहून, फिरत, मोठ्याने म्हणा. अंग हललं की डोकं जागं राहतं, शाळेत याच गोष्टीसाठी आपण मार खाल्ला तो भाग वेगळा. आज केलेलं उद्या, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा आठवून लिहायचं. त्या तारखा आजच वहीत पुढच्या पानांवर टाका.

टेस्टच्या पेपरात आपले मार्क उत्तर न येण्यामुळे कमी जातात आणि घाईमुळे जास्त. नीटमध्ये, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला एक मार्क कापला जातो, तिथे हे फार महागात पडतं. ‘अयोग्य’, ‘नाही’, ‘वगळता’ असे शब्द दिसले की लगेच गोल करा. पेपरातलं एक पान सोडवलं की त्याच पानाची उत्तरं ओएमआरवर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर भरा. सगळे गोल शेवटी भरायला ठेवू नका, आणि एक प्रश्न सोडला तर पुढचा गोल सरकत नाही ना ते बघा. प्रत्येक टेस्टनंतर चुका दोन रकान्यांत लिहा: ‘येत नव्हतं’ आणि ‘येत होतं’. दुसरा रकाना मोठा असेल तर आणखी एक मॉड्यूल सोडवून काही होणार नाही, वाचण्याची पद्धत बदलावी लागेल.

८. मोबाईल

थोडक्यात. इच्छाशक्तीवर सोडू नका, अंतरावर सोडा. अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत, नाहीतर मालकीणबाईंकडे. लेक्चर मोबाईलवरच असेल तर ते उतरवून घ्या आणि इंटरनेट बंद करून बघा.

९. कागदपत्रं आणि शेवटच्या तारखा

अभ्यास कमी पडला म्हणून वर्ष गेलं तर लोक समजून घेतात. फॉर्म राहिला म्हणून गेलं तर कुणीच घेत नाही. आपली खरी जोखीम इथे आहे.

एक प्लास्टिकची फाईल करा, दिसेल अशा रंगाची, आणि ती रॅकच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवा. आत मूळ प्रती, प्रत्येकीच्या दोन झेरॉक्स, पासपोर्ट फोटो:
- दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी
- आधार, आधारला जोडलेलं बँकेचं पासबुक
- रहिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला
- लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस

फाईलच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा आणि त्यावर मुदत असलेल्या दाखल्यांची शेवटची तारीख लिहा. नॉन क्रिमीलेअरवर बहुतेक ३१ मार्च असते, आणि ते नवं काढायला जून-जुलैमध्ये सेतू केंद्रावर अख्खा जिल्हा लोटतो. एप्रिलमध्ये जा. जात वैधतेचा अर्ज विज्ञान शाखेत अकरावी-बारावीला असतानाच कॉलेजमार्फत टाका. महाडीबीटीची शिष्यवृत्ती दरवर्षी नव्याने भरावी लागते, आणि अर्ज भरला म्हणजे काम झालं असं नाही. तो त्रुटी काढून परत येऊ शकतो, म्हणून ठरलेल्या वारी लॉगिन करून बघायचं. सगळ्याचे फोटो डिजिलॉकरमध्ये किंवा बहिणीच्या मोबाईलमध्ये असू द्या.

कोणत्याही फॉर्मची तारीख वहीत लिहिताना खरी तारीख लिहू नका, पाच दिवस आधीची लिहा.

परीक्षेतल्या सवलतीबद्दल बरेच जण विचारतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार दिले आहेत, त्यात एडीएचडीचं वेगळं नाव नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं आहे, आणि वाचन-लेखनाच्या या अडचणी एडीएचडीसोबत अनेकांना असतात. तसं वाटत असेल तर निदानाच्या वेळीच तीही तपासणी मागा. प्रमाणपत्र झालं तर बोर्डाच्या सवलतीचा अर्ज शाळा-कॉलेजमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. लातूर, नांदेड, धाराशिवसाठी मंडळ लातूरला, मराठवाड्यातल्या बाकी पाच जिल्ह्यांसाठी संभाजीनगरला. हे काम परीक्षेच्या महिन्यात होत नाही. वर्ष सुरू झालं की मुख्याध्यापकांना भेटा.

१०. घरच्यांशी बोलणं

‘एडीएचडी’ हा शब्द टाकून सुरुवात करू नका. ‘पोराला वेड लागलं’ इथपासून ‘अभ्यास टाळायचा नवा बहाणा’ इथपर्यंत काहीही ऐकावं लागेल. काय मदत हवी तेवढं सांगा. माझी माय रोज रात्री फोनवर विचारायची, ‘जेवलास का?’ मी म्हणालो, ‘आणखी एक विचारत जा, उद्याची तीन कामं लिहिली का.’ तिला आजाराचं नाव अजून धड घेता येत नाही, पण हा प्रश्न तिने सोडला नाही.

वडिलांना पटवायचं असेल तर डॉक्टरांसमोर घेऊन जा. डॉक्टरांनी सांगितलेलं आणि पोराने सांगितलेलं यात घरात फार फरक असतो.

गावी गेल्यावर सगळं विस्कटतं हे धरून चाला. जूनची पेरणी, ऑक्टोबरातली सोयाबीनची काढणी, उन्हाळ्यातली लग्नं, यात अभ्यास होणार नाही. पाच पुस्तकं नेऊन पाचही तशीच परत आणण्यापेक्षा एकच न्या. आणि परतायची तारीख जायच्या आधीच रूम पार्टनरला सांगून ठेवा.

११. परीक्षेचा आदला दिवस

या दिवशी नवं काही वाचायचं नाही. दुपारीच पिशवी भरा: हॉल तिकिटाच्या दोन प्रती, ओळखपत्र, फोटो, पाण्याची पारदर्शक बाटली, आणि त्या परीक्षेच्या सूचनेत चालतं म्हटलंय तेवढंच बाकीचं. सूचना एकदा मोठ्याने वाचा, शक्य असेल तर दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. केंद्र अनोळखी असेल तर संध्याकाळी जाऊन गेट बघून या.

नीट दुपारी दोन ते पाच असते आणि दीडला गेट बंद होतं. सकाळी घेतलेल्या साध्या मिथाइलफेनिडेटचा असर तीन-चार तासांत उतरतो, म्हणजे ऐन पेपरात संपलेला असू शकतो. गोळीची वेळ काय ठेवायची हे डॉक्टरांना महिनाभर आधी विचारा, आणि त्याच वेळेला घेऊन दोन-तीन ग्रँड टेस्ट, म्हणजे पूर्ण सराव पेपर, देऊन बघा. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा काही करू नका.

निघायची वेळ वहीत लिहा, ती दोघांना सांगा, आणि त्यातल्या एकाला त्या वेळी फोन करायला सांगा.